एकच कृत्य, दोन कायदे: कोणता लावायचा हे ठरवायचं कुणी?

फौजदारी_वकील

नमस्कार मंडळी. अठरा वर्षं सत्र न्यायालयात फौजदारी वकिली करतोय. १ जुलै २०२४ ला नवे तीन फौजदारी कायदे (भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम) लागू झाले तेव्हा बार रूममध्ये सगळी चर्चा आकड्यांची होती. खुनाच्या ३०२ चं १०३ झालं, फसवणुकीच्या ४२० चं ३१८(४) झालं, वगैरे. ते आकडे आता तोंडात बसलेत. ज्याची तेव्हा कुणी फारशी चर्चा केली नाही, तेच आता रोज समोर येतंय, म्हणून हा धागा.

भारतीय न्याय संहितेत कलम १११ (संघटित गुन्हेगारी) आणि ११३ (दहशतवादी कृत्य) ही दोन कलमं नवी आहेत. जुन्या दंडविधानात ती नव्हती. पण संघटित टोळ्यांसाठी आपल्याकडे १९९९ पासून मोक्का (महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा) आहेच आणि दहशतवादासाठी यूएपीए (बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायदा) आहे. ते दोन्ही कायदे रद्द झालेले नाहीत. उलट संहितेच्या पहिल्याच कलमात लिहिलंय की विशेष किंवा स्थानिक कायद्यांना या संहितेने बाधा येणार नाही. म्हणजे एकाच कृत्यासाठी दोन दरवाजे उघडे आहेत आणि आतले नियम वेगवेगळे आहेत.

एक प्रकरण सांगतो. ओळख पटेल असं काही लिहीत नाही. खंडणीचा गुन्हा, पाच आरोपी, माझा अशील त्यातला गाडी चालवणारा. एफआयआरला खंडणीचं ३०८ आणि जोडीला १११. शिक्षा आजन्म कारावासापर्यंत जाते, त्यामुळे चार्जशीटला ९० दिवस. तेवढ्यात ती आली नाही तर आरोपीला जामिनाचा हक्कच मिळतो, त्यालाच डिफॉल्ट जामीन म्हणतात. माझ्या डायरीत ९१ वा दिवस लाल शाईने गोल केलेला होता आणि डिफॉल्ट जामिनाचा अर्ज टाइप होऊन फाइलला लावलेला होता. ८५ व्या दिवशी तपास अधिकाऱ्यांचा दीड पानी रिपोर्ट आला. मोक्काची कलमं वाढवली, डीआयजींची (पोलीस उपमहानिरीक्षक) मंजुरी सोबत. कागद विशेष न्यायालयात गेले, सरकारी वकिलांनी मुदतवाढीचा अहवाल दिला, ९० चे १८० झाले. तो रिपोर्ट मी चार वेळा वाचला. आधार म्हणून त्यात दोन जुन्या चार्जशीटचे नंबर होते. तेच दोन नंबर पहिल्या दिवशीच्या रिमांड अर्जातही होते.

अशिलाची आई जिन्याजवळ बसली होती. म्हणाली, "दादा, गुन्हा तोच ना? मग दिवस कसे वाढले?"

दिवसांचंच नाही. १११ खाली जामीन साध्या कसोटीवर मागता येतो. मोक्काच्या २१(४) खाली आरोपी दोषी नाही असं मानायला वाजवी आधार आहे, याबद्दल न्यायालयाची आधी खात्री पटवावी लागते. मोक्काच्या कलम १८ खाली पोलीस अधीक्षकांसमोरचा कबुलीजबाब पुरावा म्हणून चालतो. साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ खाली पोलिसांसमोरचा कबुलीजबाब चालत नाही. तोच माणूस, तीच वाक्यं, तीच खोली. पुरावा आहे की नाही हे एफआयआरवर कुठलं कलम आहे त्यावरून ठरणार.

११३ चं तर त्याहून विचित्र. त्याच्या स्पष्टीकरणात म्हटलंय की गुन्हा या कलमाखाली नोंदवायचा की यूएपीएखाली, हे अधीक्षक दर्जाहून कमी नसलेल्या अधिकाऱ्याने ठरवायचं. कशाच्या आधारावर ठरवायचं, याचा एक शब्द नाही. कारणं लिहायची का, आरोपीला ती द्यायची का, न्यायालयाने ती तपासायची का, काहीच नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. कृत्य तेच असेल तर आरोपीभोवतीचं संरक्षण आणि तपासाला मिळणारा वेळ कायद्याच्या नावावरून बदलता कामा नये. निवड करायचीच असेल तर निकष कायद्यात लिहा, कारणं लेखी द्या, आणि ती न्यायाधीशांसमोर ठेवा. यावर इथल्या जाणकारांना काय वाटतं?

---

खाकी_निवृत्त

वकीलसाहेब, ३४ वर्षं पोलीस खात्यात काढली, त्यामुळे दुसरी बाजू मांडतो. पण शेवटी कदाचित तुमच्याच जवळ येईन.

मोक्का आला तो काळ आठवा. नव्वदच्या दशकात मुंबईत बिल्डर, हॉटेलवाले, सिनेमावाले खंडणीच्या फोनने हैराण होते. माणूस पकडायचा, तो जामिनावर सुटायचा आणि पंधरा दिवसांत साक्षीदार फितूर व्हायचा. साक्षीदार घाबरतो म्हणून कडक कायदा लागला. हे कागदावरचं कारण नाही, पंचनाम्यावर सही करताना थरथरणारे हात मी पाहिलेत.

पण त्या कायद्याला दोन कुलपं होती. कलम २३ बघा. डीआयजींच्या मंजुरीशिवाय गुन्ह्याची माहितीच नोंदवता येत नाही, आणि अप्पर पोलीस महासंचालकांच्या मंजुरीशिवाय न्यायालय दखल घेत नाही. प्रस्ताव परत यायचे. माझेच आले आहेत. "टोळीचा संबंध दिसत नाही" असा शेरा मारून वरिष्ठांनी फाइल परत पाठवली की राग यायचा, पण तपास सुधारायचा.

आता १११ बघा. व्याख्या बरीचशी मोक्कातूनच उचलली आहे: दहा वर्षांत एकाहून अधिक चार्जशीट, न्यायालयाने दखल घेतलेली, वगैरे. किमान पाच वर्षं शिक्षा, पाच लाख दंड, तेही तसंच. पण दोन्ही कुलपं गायब! आता पोलीस ठाण्यातला अधिकारी एकटा १११ लावू शकतो. मला याचीच जास्त भीती वाटते. तलवार दिली आणि म्यान काढून घेतली.

८५ व्या दिवसाबद्दल मात्र थोडं थांबा. प्रत्येक वेळी त्यात खोट नसते. दुसऱ्या जिल्ह्यातून जुन्या गुन्ह्यांच्या प्रमाणित प्रती यायला महिना दीड महिना लागतो. पण तुमच्या प्रकरणात नंबर पहिल्या रिमांडलाच हातात होते, तर मग त्याचं समर्थन मी करणार नाही. विशेष कायदा लावायचा तर अटकेपासून ३० दिवसांच्या आत लावा, आणि उशीर झाला तर नवीन काय मिळालं ते रिमांड न्यायालयाला लेखी सांगा, असा नियम करायला पोलिसांची हरकत असू नये.

---

साधा_वाचक

मला एक कळत नाही. दहशतवादी आणि खंडणीखोर यांना सवलती का द्यायच्या? दोन कायदे असतील तर असू देत, जो कडक तो लावा.

---

फौजदारी_वकील

@साधा_वाचक, प्रश्न रास्त आहे आणि बऱ्याच जणांच्या मनात असतो. पण कडक कायदा लावला म्हणजे शिक्षा जास्त होते असं नाही. ११३ आणि यूएपीएच्या कलम १६ मधली शिक्षा बघा, जवळपास सारखीच आहे: मृत्यू झाला तर फाशी किंवा जन्मठेप, नाहीतर पाच वर्षं ते जन्मठेप. फरक आहे तो खटला संपायच्या आधीचा. माणूस किती दिवस आत राहणार, कुणाच्या मंजुरीने राहणार, एवढाच. आणि त्या टप्प्यावर तो दहशतवादी आहे की चुकून पकडलेला भाडेकरू, हे कुणालाच ठाऊक नसतं. एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग) २०२२ च्या आकडेवारीत देशातल्या तुरुंगांमधले शंभरातले जवळपास ७६ जण कच्चे कैदी, म्हणजे खटला न संपलेले, होते.

@खाकी_निवृत्त साहेब, म्यानाचं अगदी बरोबर बोललात. ३० दिवसांची सूचना मी नोंदवून ठेवतो.

---

मुळाक्षर

विधी महाविद्यालयात घटना आणि फौजदारी कायदा शिकवते. थोडी मागची संगती लावते, कारण हा घोळ २०२३ मध्ये अचानक झालेला नाही.

टाडा हा दहशतवादविरोधी कायदा १९८५ चा, मग १९८७ चा. त्याला मुदत होती, दर दोन वर्षांनी संसदेने वाढवायची. १९९५ मध्ये वाढवली नाही आणि तो संपला. त्याच धर्तीचा पोटा २००२ चा, तोही तीन वर्षांच्या मुदतीचा, २००४ मध्ये रद्द झाला. पण त्याच वेळी पोटातल्या बऱ्याच तरतुदी यूएपीएमध्ये घातल्या गेल्या. तो कायदा मुळात १९६७ चा, बेकायदेशीर संघटनांवर बंदी घालण्यापुरता. २००८ मध्ये, मुंबईवरच्या हल्ल्यानंतर, त्यात चार्जशीटसाठी १८० दिवस आणि जामिनाची ४३ड(५) ची कडक अट आली. २०१९ मध्ये एकट्या व्यक्तीलाही दहशतवादी घोषित करायची तरतूद आली. या सगळ्यात एक गोष्ट हरवली, ती मुदत. टाडा-पोटाला शेवटची तारीख होती, म्हणून संसदेला पुन्हा पुन्हा विचार करावा लागला. यूएपीएला ती नाही.

पोटात पुनर्विलोकन समित्या होत्या. यूएपीएत खटल्याच्या मंजुरीआधी स्वतंत्र प्राधिकरणाचा अहवाल लागतो (कलम ४५), आणि २००८ च्या नियमांप्रमाणे त्यासाठी सात दिवस आणि मंजुरीसाठी पुढचे सात दिवस. संहितेच्या ११३ ला यातलं काहीच नाही. गंमत नव्हे, गंभीर बाब अशी: ऑगस्ट २०२३ च्या पहिल्या मसुद्यातली दहशतवादाची व्याख्या यूएपीएहून सैल होती. टीका झाली, डिसेंबरमध्ये विधेयक बदलून आलं तेव्हा व्याख्या यूएपीएच्या जवळ नेली. व्याख्या आणली, पण तिच्याभोवतीचं कुंपण आणलं नाही. सुसूत्रीकरण अर्ध्या वाटेवर थांबलं ते असं.

दुसऱ्या देशांकडे बघायचं तर ब्रिटनमध्येही १९७४ पासून 'तात्पुरते' म्हणवणारे कायदे वर्षानुवर्षं वाढवत नेले होते. १९९६ मध्ये लॉर्ड लॉइड यांच्या चौकशी अहवालानंतर २००० साली एकच कायमस्वरूपी कायदा आला. तो काही सौम्य नाही, आणि त्यावर वाद चालूच असतो. पण तिथे एक स्वतंत्र पुनरावलोकनकर्ता असतो, जो गोपनीय कागद पाहू शकतो आणि ज्याचा अहवाल संसदेपुढे जातो. ऑस्ट्रेलियाने २०१० मध्ये असंच पद कायद्याने निर्माण केलं. आपल्याला नवीन कलमापेक्षा अशा एका पदाची जास्त गरज आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

---

सह्यकडा

मुळाक्षर ताई, सगळं पटलं, पण 'एकच कायदा' म्हटलं की मला काळजी वाटते. सुव्यवस्था आणि पोलीस हे विषय राज्यसूचीत आहेत. फौजदारी कायदा समवर्ती सूचीत. सुसूत्रीकरण म्हणजे सगळं दिल्लीत नेणं असा अर्थ होऊ नये. गुजरातच्या संघटित गुन्हेगारी कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळायला किती वर्षं लागली, आठवतंय ना? शेवटी २०१९ मध्ये मिळाली.

आणि राज्यंही काही कमी नाहीत. आपल्याकडचं विशेष जनसुरक्षा विधेयक बघा, जुलै २०२५ मध्ये दोन्ही सभागृहांत मंजूर झालेलं. संयुक्त समितीकडे १२ हजारांवर सूचना आल्या होत्या, काही बदल झालेही. पण मूळ प्रश्न तोच. संघटना बेकायदेशीर ठरवायची सोय यूएपीएत आहेच. तिथे केंद्राला तीस दिवसांत प्रकरण न्यायाधिकरणाकडे पाठवावं लागतं, न्यायाधिकरणावर उच्च न्यायालयाचे न्यायाधीश बसतात आणि सहा महिन्यांत निर्णय द्यावा लागतो. राज्याच्या कायद्यात सल्लागार मंडळ. तीच संघटना, तोच आरोप. मग बंदी तपासणारं व्यासपीठ एकाच दर्जाचं का नको?

---

मुळाक्षर

तुमची शंका योग्य आहे. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर हाच प्रश्न आला होता: मोक्काच्या व्याख्येत 'बंडाला चिथावणी' आहे, ती यूएपीएशी भिडते का? न्यायालयाने सांगितलं, भिडत नाही, दोन कायद्यांची क्षेत्रं वेगळी. राज्याचा अधिकार टिकला. पण अधिकार टिकणं आणि नागरिकाला मिळणारं संरक्षण सारखं असणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मला दुसरी हवी आहे. राज्यांनी आपापले कायदे ठेवावेत, पण किमान संरक्षणाची पातळी संसदेने नागरिक सुरक्षा संहितेत एकदाच लिहावी आणि कुठल्याही विशेष कायद्याला त्याखाली जाता येऊ नये.

---

सरकारी_बाजू

मी अभियोग खात्यात (सरकारी वकिलांच्या) आहे, म्हणून मोजकंच लिहितो. हा घोळ फक्त आरोपीला त्रास देतो असं नाही. आमचे खटलेही यातच पडतात.

उदाहरण १: राज्य पोलिसांनी यूएपीए लावला, मुदतवाढ मागितली आणि ती दंडाधिकाऱ्यांनी दिली. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये बिक्रमजित सिंग प्रकरणात सांगितलं की हा अधिकार विशेष न्यायालयाचाच. मुदतवाढ गेली, आरोपी डिफॉल्ट जामिनावर बाहेर. पुरावा चांगला असून.

उदाहरण २: वर मॅडमनी सांगितलेले सात अधिक सात दिवस. कित्येक वर्षं ते मार्गदर्शक समजून चालायचं. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते बंधनकारक ठरवले, पुढच्या प्रकरणांसाठी. आता ११३ ला मंजुरीची अटच नाही. मग एखाद्या अधिकाऱ्याला मुदत पाळणं अवघड वाटलं तर तो कुठलं कलम निवडेल?

उदाहरण ३: आरोपपत्रात १११ आणि मोक्का दोन्ही. कबुलीजबाब एका आरोपासाठी वाचायचा, पण दुसऱ्यासाठी वाचायचा का, हा वाद. निकालपत्र लिहिणाऱ्या न्यायाधीशांची अवस्था समजून घ्या. त्यात ३० जून २०२४ पर्यंतचे गुन्हे अजून जुन्या दंडविधानाखाली चालतायत, म्हणजे माझ्या कपाटात दोन संहिता आणि त्यांच्यावर तीन विशेष कायदे. एका टोळीची २०२३ आणि २०२५ ची कृत्यं असली की आरोप कसे ठेवायचे, यावरच दोन तारखा जातात.

---

फौजदारी_वकील

धन्यवाद, ही बाजू फार महत्त्वाची आहे. सुसूत्रीकरण म्हणजे आरोपीची सोय, असा जो समज आहे तो यातून निघेल.

न्यायालयांनी एका बाबतीत हे काम हळूहळू केलंय, ते नोंदवतो. अटकेची कारणं लेखी द्यायला हवीत, हे ऑक्टोबर २०२३ मध्ये मनी लाँडरिंग कायद्यापुरतं ठरलं. मे २०२४ मध्ये तेच यूएपीएला लागू झालं. नोव्हेंबर २०२५ मध्ये सगळ्याच गुन्ह्यांना, आणि आरोपीला समजेल अशा भाषेत. दोन वर्षांत तीन निकाल लागले तेव्हा एक साधा नियम सगळीकडे सारखा झाला. प्रत्येक नियमासाठी कुणीतरी तुरुंगात बसून सर्वोच्च न्यायालयापर्यंत जायचं का? हे संसदेचं काम आहे.

आतापर्यंतच्या चर्चेतून मी एक टिपण करतोय, आमच्या वकील संघामार्फत गृह विभागाला आणि आमच्या खासदारांना पाठवायला. त्यात असेल: १११ ला मोक्कासारखीच दुहेरी मंजुरी. ११३ ला यूएपीएसारखी खटल्याची मंजुरी आणि तीच मुदत. कायदा निवडताना लेखी कारणं, आणि पहिल्या रिमांडला ती न्यायालयासमोर. साहेबांची ३० दिवसांची अट. आणि मुळाक्षर मॅडमचा स्वतंत्र पुनरावलोकनकर्ता. जामिनाच्या कसोटीवर आपलं एकमत होणार नाही, तरी माझं मत लिहितो: चार्जशीटनंतर ठरावीक मुदतीत खटला सुरूच झाला नाही तर विशेष कायद्याची कडक अट आपोआप गळून पडावी. २०२१ च्या नजीब निकालात सर्वोच्च न्यायालयाने जवळपास हेच सांगितलंय, पण तो मार्ग उच्च न्यायालय आणि सर्वोच्च न्यायालयापुरता मानला जातो. तालुक्याच्या माणसाला तिथपर्यंत जायला वकील आणि पैसा दोन्ही लागतं.

---

खाकी_निवृत्त

शेवटच्या मुद्द्यावर माझी सही नाही. खटला लांबतो तो बऱ्याचदा आरोपीच्याच तारखांमुळे. 'विलंब फिर्यादी पक्षाचा असेल तर' असं घाला, मग सही.

---

फौजदारी_वकील

घातलं.

---

दुर्वा_

इथे पहिल्यांदा लिहितेय. चर्चेत मला फार कळत नाही, पण एक विचारायचं होतं. माझा भाऊ आत आहे. आधी ४२० चा गुन्हा, त्यावरूनच नंतर मनी लाँडरिंगचा. आधी कुठलाही गुन्हा नाही. दोन्हीत मिळून एकाच महिन्यात अटक, त्याला आता दोन वर्षं साडेतीन महिने झाले. नवीन कायद्यात एक तृतीयांश शिक्षा भोगली की सुटका आहे असं ऐकलं. आमचे वकील म्हणतात, दोन केसेस आहेत म्हणून नाही. खरं काय?

---

फौजदारी_वकील

दुर्वाताई, तुमच्या वकिलांनी सांगितलं ते चूक नाही, पण तिथेच गोष्ट संपत नाही.

नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९: आधी कुठल्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या माणसाने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ कोठडीत काढला तर जामीन. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये सांगितलंय की हे १ जुलै २०२४ आधीच्या प्रकरणांनाही लागू. तुमच्या भावाच्या दोन्ही गुन्ह्यांत कमाल शिक्षा सात वर्षं, म्हणजे २८ महिने. साडेसत्तावीस झालेत.

अडचण ४७९(२) ची. एकाहून अधिक प्रकरणं प्रलंबित असतील तर या कलमाखाली सुटका नाही, असं त्यात आहे. पण मनी लाँडरिंगचा खटला मूळ गुन्ह्याशिवाय, म्हणजे ज्यातून पैसा आला त्या गुन्ह्याशिवाय, उभाच राहत नाही. मूळ गुन्ह्यातही आरोपी असलेल्या माणसाला त्या कायद्यात दोन प्रकरणं असणारच. मग ४७९ त्याला कधीच लागू होणार नाही? जुलै २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने याआधीचं कलम ४३६अ मनी लाँडरिंगच्या आरोपींना लागू आहे असं स्पष्ट म्हटलंय. दोन्ही प्रकरणं एकाच व्यवहारातली आहेत हे दाखवा आणि त्या निकालाचा आधार घ्या. दोन कायदे लिहिताना एकमेकांकडे पाहिलं नाही की काय होतं, त्याचं हे उदाहरण माझ्या टिपणात जाईल.

आता करायचं काय: ४७९(३) प्रमाणे मुदत भरली की तुरुंग अधीक्षकांनी स्वतः न्यायालयाला लेखी अर्ज करायचा असतो. त्याची वाट पाहू नका. अधीक्षकांना आजच अर्ज द्या, पोच घ्या, सोबत दोन्ही अटकेच्या तारखांचे रिमांड आदेश जोडा. वकिलांना सांगून २८ महिने भरतील त्याच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही न्यायालयांत अर्ज करा.

---

दुर्वा_

रिमांड आदेशाची प्रत आमच्याकडे एकाच केसची आहे.

---

सरकारी_बाजू

ताई, दुसऱ्या न्यायालयाच्या नक्कल विभागात प्रमाणित प्रतीसाठी अर्ज करा. आरोपीच्या वतीने वकीलपत्र असलेले वकील करू शकतात. अर्जावर 'आरोपी कोठडीत आहे, तातडीची नक्कल' असं ठळक लिहायला सांगा.